घाटात थांबलेली वरात

चिखलीच्या बाजारात सीताफळं आली आहेत. बसस्टँडाकडून आत शिरलं की भाजीच्या ओळी लागायच्या आधीच, रस्त्याच्या कडेला, पळसाच्या पानांवर मांडलेल्या टोपल्या दिसू लागतात. काही फळं अजून घट्ट, हिरवीगार. काहींचे डोळे उघडलेले, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा फाकून पांढुरक्या झालेल्या. काल अशाच एका टोपलीपुढे उकिडवा बसून मी फळं चाचपत होतो. पिकल्या सीताफळाचा तो दाट, गोड, किंचित आंबूस वास नाकात भरला होता. तेवढ्यात पाठीमागून एक स्कूटर गेली. पुढच्या हुकाला स्पीकर लटकवलेला, आवाज पूर्ण सोडलेला, आणि त्यातून कुठल्याशा लग्नातला बँड वाजत होता. स्कूटर वळणावर गर्दीत अडकली आणि तो बँड एका जागी थांबून राहिला. दोन-चार क्षणच असतील. पण मी हातातलं फळ विसरून त्या आवाजाकडे कान लावून बसलो. टोपलीवाली बाई म्हणाली, "काऊन हो भाऊ, फळ कायले दाबता असं?" तेव्हा पाहिलं, तर माझ्या मुठीतलं सीताफळ फुटून बोटांमधून गर बाहेर आला होता.

त्या फुटक्या फळासकट पाच-सहा फळं घेतली आणि घराकडे निघालो. चालताना स्वतःचंच हसू येत होतं, आणि तरी मागून येणाऱ्या प्रत्येक स्कूटरकडे मी वळून पाहत होतो. भीती माणसाच्या अंगात कुठे मुक्काम करते कोण जाणे. मन म्हणतं, झालं गेलं, आता इथे सपाट रस्ते आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. शरीर ते ऐकूनच घेत नाही. त्याला एक वास आणि एक आवाज पुरतो. गाडीवर स्पीकर लावून हिंडणाऱ्यांना पाहून शहाणी माणसं नाकं मुरडतात, आणि शहरात ते बरोबरही असेल. पण ज्या गावात आम्ही अकरा वर्षं काढली, तिथे गाणं न लावता घाटात गाडी घालणाऱ्याला लोक वेड्यात काढत.

बुलडाण्याहून खामगावकडे उतरणाऱ्या डोंगरांत, अभयारण्याच्या कडेला, घाटमाथ्यावर ते गाव. खालच्या गावातून वर यायला सात वळणांचा एक अरुंद रस्ता, आणि त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी लगटून आलेलं रान. सागवान, धावडा, पळस आणि मोकळ्या उतारांवर नुसती सीताफळीची झाडं. पावसाळा सरला की ती फळांनी लगडत आणि मग ती खायला अस्वलं रस्त्यापर्यंत येत. दिवेलागणीनंतर गावात कुणी त्याचं नाव घेत नसे, नुसतं 'तो' म्हणत. वाघाबिबट्याचं एवढं भय तिथे कुणाला नव्हतं, कारण ते माणसाची चाहूल लागली की बाजूला होतात. याचं तसं नाही. याला दिसतं कमी, आणि खाण्यात रमला की ऐकूही येत नाही. आपण अगदी अंगावर जाऊन पडेपर्यंत त्याला पत्ता नसतो, आणि मग तो दचकतो. दचकला की पळत नाही, समोरच्याचं तोंड धरतो. गावात एक गृहस्थ बारा महिने तेरा काळ अर्ध्या चेहऱ्यावरून उपरणं घेऊन असत. मी शिंपी. सदऱ्याच्या गळ्याचं माप देताना त्यांना ते उपरणं काढावं लागे. तेवढा वेळ मी नजर टेपवर ठेवायचो, आकडे मोठ्याने म्हणायचो, आणि तरी मला ते सगळं दिसायचं. माप घेऊन झालं की माझ्या बोटांना घाम सुटलेला असायचा.

तर त्याला दचकू द्यायचं नाही, आपण येतोय हे आधीच कळवायचं, एवढी एकच युक्ती त्या गावाजवळ होती. पूर्वी म्हणे लोक डबा वाजवत, खोकत, एकमेकांना मोठमोठ्याने हाका मारत घाट चढत. आम्ही गेलो तेव्हा डब्याची जागा हातात मावणाऱ्या स्पीकरने घेतली होती. ज्याच्याकडे गाडी, त्याच्या हुकाला स्पीकर. आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं, ठरलेलं. आमच्या शेजारचे भाऊ मोटारसायकलला कॅन बांधून दूध घेऊन उतरत, त्यांच्या गाडीवर भीमगीतं. पाववाल्याची जुनी, रडकी हिंदी गाणी. एका मास्तरांच्या गाडीवर तर पाढे लावलेले असत, एकोणतीस नवं एकसष्टोत्तर दोनशे करीत ते घाट चढत. त्यामुळे गावात ओट्यावर बसल्या बसल्या कळे, कोण आलं, कोण गेलं, कुठल्या वळणावर आहे. वनरक्षक कधीमधी कुरकुरत, आवाज बेताचा ठेवा, जंगल आहे, म्हणत. पण त्यांच्याही गाडीवर काही ना काही गुणगुणत असेच.

आमची ही खालच्या गावच्या उपकेंद्रात नर्स. सकाळी साडेआठला स्कूटरने घाट उतरायची आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला वर यायची. मी घरीच, ओट्यावर मशीन टाकून बसलेला. मला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मी लहानपणापासूनच भित्रा. हिच्या नोकरीसाठी त्या गावात राहायला गेलो खरा, पण पहिल्या दिवशी उपरणंवाले गृहस्थ पाहिले आणि मी हिला म्हटलं, बदली मागून घे. ती म्हणाली, "आल्या आल्या कोनी बदली देते का? तुम्ही एक काम करा, मले स्पीकर आना." मी आणला. त्याला काळ्या रेक्झिनची पिशवी शिवली, पुढून जाळीचं कापड लावलं, म्हणजे आवाज अडायला नको, आणि पावसाची झड अडवायला वरून टोपी. पट्टा दुहेरी टीप मारून पक्का केला. आणि आत चांगली मनाला शांतता देणारी भजनं भरून दिली. दोन दिवसांनी ही म्हणाली, "हे नको. हे ऐकून मलेच झोप येते, आन तो त ऐकाले बसूनच राहीन." मग तिने स्वतःच्या मोबाइलमधलं एक रेकॉर्डिंग त्यात घातलं. तिच्या भाचीच्या लग्नातली वरात. बारा मिनिटांची. बँड, ताशा, पिपाण्या, मध्येच फटाक्यांची माळ, बायकांचा गलका. आणि नवव्या मिनिटाला, बँड एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाताना जी क्षणभर फट पडते त्या फटीत, हिच्या मामांचा खणखणीत आवाज: "अरे पाणी आना बे!" मामा म्हणजे लग्नघरातला आडदांड माणूस, उन्हात नाचून घसा सुकलेला. ती हाक मुद्दाम कुणी रेकॉर्ड केली नव्हती, पण आता तीच त्या वरातीची खूण झाली. ही म्हणायची, एवढी मोठी वरात येऊन राह्यली म्हटल्यावर तो कायले रस्त्यावर थांबते.

त्या दिवसांतलं माझं ऐकणं तुम्हाला कसं सांगू? तुम्हीही कधी कुणाची वाट पाहिली असेल, पण ती डोळ्यांनी. मी कानांनी पाहायचो. पावणेसहा झाले की मशीनचं चाक तळहाताने धरून थांबवायचं, रेडिओ बंद, समोरच्या घरातल्या पोरींना दटावायचं, आणि बसून राहायचं. खालची तीन वळणं डोंगराआड, तिथली गाणी ऐकू यायची नाहीत, फार तर एखादी जोराची हाक दरीतून घुमून यायची. चौथ्या वळणावर दरी आमच्या बाजूला उघडते, तिथून बँडचा पहिला बारीक सूर यायचा. मग तो हळूहळू सरकायचा, जाड व्हायचा. मामा पाणी मागायचे ते सहाव्या वळणावरच्या चपट्या धोंड्याजवळ. रोज तिथेच, फार तर दहा पावलं मागेपुढे. मामांनी पाणी मागितलं की माझ्या छातीतला गोळा सुटायचा. मी उठून खरंच माठातून तांब्याभर पाणी काढून ठेवायचो, आणि पाच मिनिटांत ही दारात. तिला या सगळ्यातलं काही ठाऊक नव्हतं. घरात पाणी तयार असतं एवढंच तिला माहीत.

सीताफळाचेच दिवस होते. दसरा होऊन गेलेला, दिवाळी तोंडावर, आणि माझ्याकडे शिलाईचा ढीग. तरी पावणेसहाला चाक थांबवलं. त्या दिवशी जरा उशीर झाला. सहा वाजून गेले, समोरच्या डोंगराच्या कडेवरचं ऊन निघून गेलं, आणि मग चौथ्या वळणावरून बँड ऐकू आला. आली म्हटलं. सुई ओवायला घेतली. दोरा भोकातून जाईना, उजेड कमी झाला होता. थोड्या वेळाने मामांनी पाणी मागितलं. मी सवयीने उठलो आणि उठता उठता थबकलो. आवाज दुरून आला होता. सहाव्या वळणावरून नाही, खालून, चौथ्याच वळणावरून. मनाशी म्हटलं, स्पीकर आज उशिरा चालू केला असेल, वारा फिरला असेल. उभा राहूनच ऐकू लागलो. बँड वाजत होता, पण जाड होत नव्हता. ज्या जागी होता त्या जागीच वाजत होता.

माणूस भ्यायला लागला की त्याचा हिशेबीपणा वाढतो. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मोजत होतो. वरात संपली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. नवीन फेरीला जेमतेम दोन-तीन मिनिटं झाली असतील, तर मामांची हाक पुन्हा आली. पण बारीक, चिरकी, आणि आणखी खालून, दरीच्या तळातून आल्यासारखी. तिच्यामागे बँड नव्हता. मला वाटलं घुमला आवाज, डोंगर कधीकधी असे खेळ करतो. नाहीतर माझ्याच डोक्यात ती हाक वाजत असेल. तिच्याकडे मी फारसं लक्ष दिलं नाही. मी त्या खऱ्या हाकेची वाट पाहत होतो. नववं मिनिट आलं, आणि मामांनी पाणी मागितलं. चौथ्या वळणावरूनच. तीच जागा, तोच आवाज, एक पाऊलही पुढे नाही. वरात घाटात उभी होती.

गाडी पडली असेल, आणि पडलेल्या गाडीवर स्पीकर वाजत असेल, त्याला काय कळतंय. नाहीतर ही एका बाजूला पडली असेल आणि तो... त्यापुढचा विचार मी करू शकत नव्हतो, पण डोळ्यांपुढे उपरण्याखालचा तो अर्धा चेहरा आला आणि हलेना. फोन लावला. घाटात रेंज नसते हे माहीत असूनही लावला. मग अनवाणीच शेजारी धावलो. भाऊ कॅन धूत होते.

"काऊन हो टेलर, तोंड काऊन असं झालं?"

"गाणं हलत नाही," मी म्हटलं. "हिचं गाणं. चौथ्या वळणावर आहे. दोन वेळा मामा तिथेच ओरडले."

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. पण ते त्याच गावचे. भाऊंनी कॅन तसाच ठेवला, कान दिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. घरातून बॅटरी आणि काठी घेतली, गाडीला किक मारली, आणि म्हणाले, "बसा." निघताना त्यांनी स्वतःचा स्पीकर चालू केला. मी मागून ओरडलो, भाऊ, बंद करा, हिची हाक आली तर ऐकू कशी येणार? ते मान न वळवता म्हणाले, "बंद केलं त आपूनच जाऊ त्याच्या तोंडात. मंग तिले कोन आनन?" तेही खरंच होतं. असे आम्ही भीमगीत वाजवत उतरलो आणि खालून बँड वाजत राहिला. घाटात दोन्ही गाणी एकमेकांत मिसळली, कुठलं कुठून येतंय कळेना. त्या गोंधळात मी तिची किंकाळी शोधत होतो, आणि ती ऐकू येऊ नये म्हणून देवाला विनवतही होतो.

चौथं वळण. पळसाच्या खालच्या फांदीला मी शिवलेली रेक्झिनची पिशवी लटकत होती, आणि तिच्यातून वरात वाजत होती. गाडी नव्हती. पडलेली नव्हती, दरीतही दिसत नव्हती, नव्हतीच. भाऊंनी बॅटरीचा झोत फिरवला, आणि झाडाखाली, दगडाला टेकून, पोपटी रंगाची बंडी दिसली. हिची कापूस भरलेली बंडी. मागच्या थंडीत मीच शिवली होती, उभ्या टिपा घालून, कॉलरच्या आत तिच्या आवडीची फुलाफुलांची पट्टी लावून. झोत त्या पट्टीवर पडला. मी माझी टीप ओळखली. बंडीखाली कुणीतरी आडवं होतं, आणि हलत नव्हतं. मी तिथेच रस्त्यावर बसलो. पुढे जाऊन तोंड बघण्याची माझ्यात हिंमत नव्हती. हे आज लिहितानाही लाज वाटते. बायको पडली आहे आणि नवरा चार हात लांब बसून राहिला आहे. भाऊ पुढे झाले.

बंडी हलली. आतून खरखरीत, म्हातारा आवाज आला, "कोन व्हय बे? उजेड डोयात नको पाडू."

खालच्या गावची एक म्हातारी होती. बायकांबरोबर सीताफळं गोळा करायला रानात आलेली. बायकांना वाटलं ती पुढे गेली, आणि म्हातारी मागे धोंड्यावरून घसरली. मांडीचं हाड मोडलेलं. दोन बाजूंना दोन फोक लावून, हिच्या ओढणीने पाय नीट बांधलेला होता. मी गुडघ्यांवर सरकत जवळ गेलो आणि विचारलं, सिस्टर कुठाय?

"ती गेली खाली, जीप आनाले. मले गाडीवर बसताच ये ना. मले म्हने, आजी, गानं बंद करू नको, कोनी आलं तरी बंद करू देऊ नको." मग भाऊंच्या हातातल्या काठीकडे पाहून म्हणाली, "तुम्ही बी नका करू."

"गाणं इथे ठेवलं," मी म्हटलं, "मग ती कशी गेली?"

"चूप गेली ना. तिच्यापाशी काय राह्यलं मंग? आन टोपलंबी तिनंच नेलं, माहं. लय पिकेल होते त्यातले फळं. म्हने, इथं ठेवलं त वासानं यिन तो."

एवढा वेळ मी जे भ्यालो होतो ते काहीच नव्हतं, असं मला त्या क्षणी कळलं. आवाज तिने म्हातारीजवळ ठेवला होता आणि वास स्वतःबरोबर नेला होता. पायाशी पिकल्या सीताफळांचं टोपलं, आणि तोंडात गाणं नाही, अशी ती तिन्हीसांजेला त्या रानातून तीन वळणं उतरून गेली होती. त्या तीन वळणांवरच सीताफळी सगळ्यांत दाट. भाऊ म्हणाले, मी खाली जाऊन पाहतो, तुम्ही आजीजवळ बसा. त्यांची गाडी वळणाआड गेली, भीमगीत बारीक होत होत विझलं, आणि मी, एक म्हातारी आणि बारा मिनिटांची वरात एवढेच मागे राहिलो.

किती वेळ बसलो सांगता येत नाही. वरात एकदा संपून पुन्हा सुरू झाली. मध्ये जो क्षणभराचा सन्नाटा पडतो, तो मला घरी ओट्यावर कधी जाणवला नव्हता. इथे तो पडला की रानातलं सगळं ऐकू यायचं. पाचोळ्यात काहीतरी सरकल्याचा आवाज, कुठेतरी फांदी मोडल्याचा, दरीतून वर येणाऱ्या वाऱ्याचा. म्हातारीने माझा हात धरला होता, की मी तिचा, आठवत नाही. बँड सुरू झाला की दोघंही श्वास सोडायचो. मी कान खालच्या वळणांकडे लावले होते आणि तिथून ऐकण्यासारखं काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी जिची वाट पाहत होतो तिला आवाजच नव्हता. मामांनी पुन्हा पाणी मागितलं, तेव्हा म्हातारी कण्हत कण्हत म्हणाली, "हा कोन व्हय मघापासून पानी मांगून राह्यला? कोनी देत काऊन नाही त्याले?" मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. म्हातारीला वाटलं मला तहान लागली असेल. तिने पदरात बांधलेलं एक सीताफळ सोडून माझ्या हातावर ठेवलं. ते तिने हिच्यापासून लपवून ठेवलं होतं.

मग खालून भीमगीत आलं. त्याच्यामागे जीपचे दिवे, आणि जीपच्या मागे एकटा, लहान, स्कूटरचा दिवा. हिने गाडी स्टँडवर लावली, आधी म्हातारीची नाडी पाहिली, पाय पाहिला, जीपमधल्या माणसांना फळी कशी धरायची ते सांगितलं, आणि मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. अनवाणी, गुडघे फुटलेला, हातात सीताफळ घेऊन रडणारा नवरा.

"तुम्ही काऊन आले?" ती म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "गाणं त चालू होतं ना."

ते वाक्य मी पुढे कितीतरी रात्री अंथरुणात उलटून पालटून पाहिलं. तिच्या मते गाणं चालू होतं म्हणजे सगळं ठीक होतं. कुणाला काळजी वाटू नये एवढ्यासाठीच जणू ते ठेवलं होतं. आणि मी त्याच गाण्याने अर्धमेला झालो होतो. वीस वर्षं एकत्र संसार करून एकाच आवाजाचे आम्ही दोन अर्थ लावत होतो. म्हातारी पुढे काठी टेकत चालू लागली, दर हंगामाला टोपली घेऊन दारात यायची. मी मात्र बदलीचा धोशा लावला. भांडलो, अबोला धरला, एकदा तर जेवण सोडलं. ही म्हणायची, खालच्या गावात बाया बाळंत होतात त्याचं काय करू? अजून तीन हंगाम ती त्याच घाटातून गेली आणि तीन हंगाम मी ओट्यावर मेलो. शेवटी रीतसर बदली आली, आणि आम्ही इकडे चिखलीला आलो. स्पीकर पिशवीसकट कपाटात गेला. त्याची बॅटरी आता धरत नाही.

गेल्या वर्षी मामा वारले. त्यांच्या तेरवीहून परत येताना एसटीत ही खिडकीशी बसली होती. मग एकदम म्हणाली, "मामानं मले एकदा वाचवलं, तुमाले माहीत नाही." मी विचारलं, कधी? तर तिने त्या संध्याकाळचं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, म्हातारीला सोडून निघाले तेव्हा काही वाटलं नाही, पण थोडं खाली उतरल्यावर असं भेव लागलं की हँडल धरता येईना. गाणं म्हणावं तर एकही गाणं आठवेना. "मंग म्या तोंडानंच बँड वाजवला. पों पों करत. आन तिसऱ्या वळणावर, त्या मोकळ्या जागी, झाडाखाली कायतरी काळं हाललं. खरंच होतं का नाही, देव जाणे. म्या गाडी थांबवली नाही. मामासारखा आवाज काढला, आन जोरात बोंबलली, अरे पाणी आना बे! एकदाच. दुसऱ्यांदा घशातून आवाजच निंघाला नाही."

एसटी पुढे धावत होती. दरीच्या तळातून आलेली ती बारीक, चिरकी, बँडशिवायची हाक माझ्या कानात पुन्हा आली, जशीच्या तशी. जिला मी डोंगराचा खेळ समजलो होतो. नवव्या मिनिटाची हाक तिसऱ्या मिनिटाला कशी येईल, असा हिशेब करून जिच्याकडे मी दुर्लक्ष केलं होतं. ती जिवंत आहे की नाही म्हणून मी मरत होतो, आणि ती स्वतःच्या तोंडाने मला पाणी मागत होती. मी तिला हे सांगितलं. ती तोंडाला पदर लावून एवढी रडली की पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून आमचं कोण गेलं ते विचारलं.

आता हिची नोकरी सपाट रस्त्यावर आहे. वीस मिनिटांचं अंतर, दोन्ही बाजूंना वस्ती, ट्रकांशिवाय भिण्यासारखं काही नाही. तरी पावणेसहाला माझा तळहात मशीनच्या चाकावर जातो. काल बाजारातून आल्यावरही तसंच झालं. सीताफळं ताटात ठेवली, घरभर वास पसरला, आणि मी रस्त्याच्या आवाजाकडे कान लावून बसलो. स्कूटरी येत होत्या, जात होत्या, सगळ्या सारख्याच. हिच्या गाडीला आता गाणं नाही, त्यामुळे ती येते आहे की नाही हे शेवटच्या क्षणापर्यंत कळायला मार्ग नाही. छातीत तोच गोळा. सहा वाजून पाच मिनिटं झाली. दहा झाली. मग फाटकाची कडी वाजली, आणि कडीपाठोपाठ, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा मामांच्या आवाजात, गेल्या वर्षापासून रोज येते तशी हाक आली,

"अरे पाणी आना बे!"

मी तांब्या घेऊन उठलो.